पडलेल्या रॉकेटची गोष्ट

अर्शियानं उमेदीची वर्षं ज्या देशी इंजिनात घातली, ते उड्डाणात वरच्या टप्प्यावर पेटलंच नाही आणि रॉकेट समुद्रात गेलं. पुढच्या महिन्यात ती लातूरजवळच्या मुरुडला माहेरी आली, तेव्हा लातूरच्या एका क्लासवाल्या सरांनी तिला भाषणाला बोलावलं.

“मॅडम, पडल्याचं तेवढं सांगू नका. पालक बिचकतात,” सर मंचावर तिच्या कानाशी कुजबुजले.

भूकंपातून उठलेल्या जिल्ह्यात हा माणूस एका अपयशाला घाबरत होता. तिला त्याची किळस आली. परदेशानं तंत्र नाकारलं, म्हणून आपणच इंजिन घडवलं आणि ते फसलं, हेच तिनं सांगायला घेतलं. सरांनी माईक बंद केला.

“तुमच्याकडून एवढंच व्हायचं,” म्हणत ती खाली उतरली आणि पोरींच्या बाकावर जाऊन बसली.

“मग आता?” एकीनं विचारलं.

“आम्ही दुसरं बनवायलोत,” अर्शिया म्हणाली.