पुढे म्हणजे कुठे

बबडीचे वडील आणि बबडीचे सासरे एकाच फायर स्टेशनात, एकाच बंबावर काम करत. वडील, ज्यांना सगळे बापू म्हणत, दिवसपाळीचे प्रमुख; सासरे, म्हणजे अण्णा, रात्रपाळीचे. लग्नाआधी दोघांची मैत्री अशी, की पाळी बदलताना एकमेकांना चार शिव्या घातल्याशिवाय किल्ल्या हातातून सुटत नसत. बबडीचं लग्न अण्णांच्या मुलाशी ठरलं आणि एका दिवसात ‘अरे’चं ‘अहो’ झालं. आता पाळी बदलताना “या व्याही, बसा,” “छे छे, आधी तुम्ही बसा,” असं चालायचं, आणि बंबाचा चालक लंबू तोंडावर रुमाल धरून हसायचा.

त्या वर्षी स्टेशनात नवा मोठा होज आला. रस्त्यावरच्या हायड्रंटचं, म्हणजे आगीसाठीच्या नळाचं, पाणी आगीपर्यंत नेणारा पाइप. पाणी भरलं की मांडीएवढा जाड, रिकामा असला की पट्ट्यासारखा चपटा. त्याचे लांबलचक तुकडे धातूच्या जड कपलिंगांनी एकमेकांना जोडायचे आणि बंबाच्या मागच्या हौद्यात नागमोडी घड्या घालत थरावर थर रचायचे. आग लागली की एक टोक हायड्रंटला अडकवायचं आणि बंब हाकायचा. मागून होज आपला आपण उलगडत रस्त्यावर पडत गेला पाहिजे.

बबडीला हे सगळं नंतर समजलं. आधी समजलं ते एवढंच, की बापूंचं काहीतरी बिनसलंय.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. समोर एक गिऱ्हाईक यंत्रावर हनुवटी टेकून बसलेलं असताना बापूंचा फोन आला.

“बबडे, अण्णांची तब्येत बरी आहे ना?”

“ठणठणीत. का हो?”

“सहज. घरात कपड्यांच्या घड्या वगैरे घालतात का ते? म्हणजे कशा घालतात?”

“बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

बापूंनी मोठा श्वास घेतला आणि मग भडाभडा सांगून टाकलं. होज हौद्यात भरताना ते कपलिंगपाशी एक छोटी घडी घालत. सकाळी येऊन बघावं तर ती नाही. पुन्हा घालावी, दुसऱ्या सकाळी पुन्हा नाही. “आधी वाटलं, माझंच डोकं फिरलं. आपण घातलीच नव्हती की काय? लंबूला विचारलं, तो म्हणतो घातली होती.”

“मग विचारा ना अण्णांना.”

“वेडी आहेस का? व्याही आहेत ते! तू विचार. पण मी विचारलंय असं सांगू नकोस.”

संध्याकाळी अण्णा कामावर निघायला बूट चढवत होते. बबडीने टेबल पुसता पुसता विषय काढला. “अण्णा, ती होजची छोटी घडी…”

अण्णांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. “बापूंनी सांगितलं?”

“नाही, नाही. मलाच आपलं वाटलं.”

तिला होजच्या घडीबद्दल आपलं आपण काही का वाटावं, हा प्रश्न अण्णांना पडला नाही, कारण ते स्वतःच गोंधळले होते. “मी समजत होतो, दिवसपाळीची पोरं कंटाळा करतात, घडी अर्धवट टाकतात. म्हणून मी रोज मोडून सरळ करतो. ती बापूंची आहे होय? अरेरे.” त्यांनी नाडी करकचून बांधली. “त्यांना म्हणावं, बाकी कसंही असू दे, कपलिंगं तेवढी सगळी पुढे ठेवा. पण माझं नाव नको. तुझं म्हणून सांग.”

“माझं? अण्णा, मी चष्मे विकते!”

तरी तिने निरोप पोचवला. बापू फोनवर म्हणाले, “पुढे? सगळी? बरं. व्याह्यांची इच्छा असेल तर तसं.” आणि अण्णांना तिने सांगितलं, की बाबांना छोटी घडी आवडते. याहून जास्त तिला सांगता आलं नसतं.

“आवडते ना? मग घालू की,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या सकाळी बापूंनी हौदा उघडला तर जिकडे तिकडे छोट्या घड्या. अण्णांनी व्याह्यांना आवडतात म्हणून सढळ हाताने घातल्या होत्या. बापू चक्रावले. पण अण्णांचा निरोप पाळायचा म्हणून त्यांनी सगळ्या घड्या काढल्या आणि कपलिंगं आपल्या समजुतीप्रमाणे ‘पुढे’ आणली. संध्याकाळी अण्णांना ती कपलिंगं भलत्याच टोकाला सापडली. त्यांनी डोकं खाजवलं, बापूंना हे असंच आवडत असणार असं धरून चालले, आणि वरच्या काही थरांत पुन्हा घड्या घातल्या.

“आज कोणती रीत, माहेरची की सासरची?” दुसऱ्या सकाळी लंबूने विचारलं. कोणी हसलं नाही.

आणि अशा अवस्थेत त्याच दुपारी गाद्यांच्या गोदामाला आग लागली.

हायड्रंट रस्त्याच्या तोंडाशी होता. टोक जोडलं, लंबूने बंब हाकला, होज सुरसुरत बाहेर पडू लागला. पहिलं कपलिंग गेलं, दुसरं गेलं. तिसरं हौद्यातल्या हौद्यात गर्रकन फिरलं, बाजूच्या पत्र्याला अडकलं, आणि मग चार-पाच थर एकदम उचलून घेऊन धाडकन रस्त्यावर आदळलं. बापू ओरडले, लंबूने ब्रेक दाबला. उरलेला होज सगळ्यांनी खांद्यावर घेऊन ओढत नेला. पाणी पोचलं, पण उशिरा. माणसं केव्हाच बाहेर आली होती, कोणाला खरचटलंही नाही. मात्र अर्धं गोदाम गेलं. मालक एक उशी पोटाशी धरून फुटपाथवर उभा होता. बापू त्याच्याजवळ गेले. “एवढीच आणता आली,” मालक म्हणाला आणि उशी त्यांना दाखवली.

बबडीला दोन फोन आले. बापू म्हणाले, “तू सांगितलंस तसंच केलं होतं गं मी.” अण्णा म्हणाले, “तू म्हणालीस त्यांना आवडते.” दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती स्टेशनवर धावली.

अंगणात स्टेशनचे साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. “हा होज कोणी भरला?”

“मी,” बापू म्हणाले.

“मी,” अण्णा म्हणाले. बातमी ऐकून तेही पाळीच्या आधीच आले होते.

“एकच होज दोघांनी? बरं, चूक कोणाची?”

“माझी.”

“त्यांची कशी असेल? माझी.”

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “चूक नाकारणारे खूप पाहिले. हे काय चाललंय तेच कळत नाही. आत्ताच्या आत्ता दोघांनी मिळून भरा, आणि सरळ उलगडेपर्यंत घरी जायचं नाही.”

अण्णा हौद्यात चढले, बापू खाली अंगणात उभे राहून होज वर देऊ लागले.

“अहो व्याही, कपलिंग आलं. कुठे ठेवू?” बापूंनी विचारलं.

“पुढे ठेवा.”

“हे काय, पुढेच ठेवतोय.”

“अहो, पुढे. तुम्ही मागे ठेवताय.”

“हे पुढेच आहे, व्याही. होज आधी इथूनच बाहेर पडतो.”

“बरं बरं. तुम्ही म्हणता तर तेच पुढे.”

पायरीवर बसलेल्या बबडीला राहवेना. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “पुढे म्हणजे नक्की कुठे ते सांगाल का मला? दोघांचेही निरोप मीच पोचवलेत आणि मला अजून काहीच कळलेलं नाही.”

“पुढे म्हणजे लंबू बसतो त्या बाजूला!” अण्णा म्हणाले.

“पुढे म्हणजे इथे, उघड्या तोंडाशी,” बापू म्हणाले.

दोघंही थांबले. अण्णांनी केबिनच्या भिंतीकडे पाहिलं, मग हौद्याच्या उघड्या टोकाकडे. त्यांचा चेहरा लाल होत गेला. “अरे गाढवा! बंबाला तोंड पुढेच असतं ना? तुझं पुढे म्हणजे माझं मागे!”

बबडी पायरीवरून उठली. सासऱ्यांनी तिच्या बापाला गाढव म्हटलं होतं.

“गाढव तू!” बापू खालून गरजले. “रोज माझी घडी मोडत होतास! कपलिंग तुझ्या भिंतीशी ठेवलंस तरी काही थरांत ते आधी उलट्या दिशेला ओढलं जातं आणि वळून बाहेर येतं. वळताना अडकतं. ते वळू नये म्हणून ती छोटी घडी!”

“मग सांगायला तोंड नव्हतं का तुझ्या?”

“तुझ्या घरी पोर दिलीये मी!”

अण्णा हौद्यात मटकन बसले, आणि मग त्यांना हसू फुटलं. बापूही हसले, पण हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “अर्धं गोदाम गेलं रे,” ते म्हणाले.

“गेलं,” अण्णा हळूच म्हणाले. “दे वर. आण ते कपलिंग.”

मग काम भराभर झालं. कपलिंगं सगळी केबिनच्या भिंतीशी, आणि जे वळेल असं वाटलं त्याच्याच शेजारी छोटी घडी. पहिल्यांदा उलगडताना एक थर अडकला, कारण घड्या एकावर एक येऊन तिथे उंचवटा झाला होता. त्या थोड्या मागेपुढे केल्या. पुढच्या खेपेला लंबूने अंगणाच्या टोकापर्यंत बंब नेला आणि होज एका रेषेत पडत गेला. साहेब ते बघून आत गेले.

रात्री नवऱ्याने विचारलं, “मग शेवटी बरोबर कोण होतं? अण्णा की बापू?”

“दोघंही. म्हणजे वेगवेगळे बरोबर होते, पण मिळून चुकत होते.”

“आणि ती छोटी घडी कशासाठी?”

बबडीने हातातला टॉवेल घेऊन त्याला दाखवायचा प्रयत्न केला. एकदा इकडून घडी घातली, एकदा तिकडून. मग टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला.

“रविवारी दोघांनाच विचार,” ती म्हणाली. “पण वेगवेगळं विचारू नकोस.”