चहाच्या कपातली वांगी

"धा दिस? रोपं भाईर काढाया धा दिस? आगं, तेवढ्यात बाळंतीण उठून घर सारवाया लागती," वामनतात्या म्हणाले आणि सुनेनं फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडं त्यांनी पाठ फिरवली.

सून म्हणजे मंजुषा. चंदिगडला युनिव्हर्सिटीत झाडापानांचंच शास्त्र शिकवते. कागदावर तिनं लिहिलं होतं: पहिल्या दिवशी एक तास सावलीत, मग दोन तास, मग कोवळं ऊन, आणि दहाव्या दिवशी रात्रभर बाहेर. तात्या कराडकडचे. चाळीस वर्षं वांगी लावलेला गडी. त्यांना हे शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं.

पण रोपं साधी नव्हती. गावाकडं सगळे उसाच्या आणि विकतच्या बियाण्याच्या मागं लागल्यापासून तात्यांच्या घरचं काटेरी वांगं दुसऱ्या कुणाकडं उरलंच नव्हतं. बायको होती तोवर ती राखेत घोळून बी जपायची. ती गेल्यावर राहिलेली पुडी थैलीत घालून तात्या लेकाकडं आले आणि जानेवारीत सगळीच्या सगळी पेरून मोकळे झाले. थोडं बी मागं राखावं हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण हुरूप आला की तात्यांची अक्कल रजेवर जाते. चहाच्या कागदी कपांत चौतीस रोपं आली. काचबंद व्हरांड्यात, हीटरच्या उबेला वाढली. ती मेली की वाण संपला.

"तात्या, यांना वारा माहीत नाही, ऊन माहीत नाही," मंजुषा पर्स शोधत म्हणाली. "एकदम बाहेर ठेवू नका."

"पाणी तोडायचं आन् लावायचं. माज्या बापानं ह्येच केलं."

"त्यांची रोपं उघड्या वाफ्यात उगवलेली होती."

"वांग्याला काय कळतंय, वाफा का कप ते."

मंजुषा गेली, लेक सुबोध ऑफिसला गेला. पाणी तर तात्यांनी दोन दिवस आधीच तोडलं होतं. चौतीस कप अंगणात ओळीनं मांडले आणि जेवून आडवे झाले.

मार्चातलं तिथलं ऊन दिसायला गोड असतं, पण डोंगराकडचा वारा सुटला की अंगातलं पाणी ओढून घेतो. तीन वाजता उठून बघतात तर रोपांनी माना टाकलेल्या, पानं पांढरी पडलेली. तात्या तसेच अनवाणी धावले. तांब्यानं पाणी घातलं, कप सावलीला ओढले, शिव्या दिल्या. आधी वाऱ्याला, मग पंजाब-हरियाणाला, मग स्वतःला. कूलरच्या आडोशाला होती ती तीनच रोपं वाचली. एकतीस गेली.

आता सुनेला सांगायचं कुठल्या तोंडानं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तात्यांनी चपला सरकवल्या आणि तडक मंडी गाठली.

"भैया, बैंगन का रोप देव. एकतीस. अस्सं बारीक बारीक."

संध्याकाळी अंगणातल्या कपांत हिरवीगार रोपं डुलत होती. मंजुषानं त्यांच्यावरून नजर फिरवली. "बरी तरारलीत," एवढंच बोलली आणि आत गेली.

वाचलेली तीन तात्यांनी घरामागं रिकाम्या सिलिंडरशेजारी लपवली. घर रिकामं झालं की म्हातारा चष्मा लावून फ्रिजवरचा कागद वाचायचा. आज दोन तास म्हणजे दोनच तास, घड्याळ समोर ठेवून. वारा सुटला की धोतर खोचून कप आत, वारा पडला की परत बाहेर. "भाड्यांनो, तुमच्यापायी म्हातारपनी सुनेचा अब्यास कराया लागलोय," असं रोज त्यांना ऐकवायचे. पण पाणी चमच्यानं मोजून घालायचे. तीनच होती, आणि त्यातलं एक अजून धड मान उचलत नव्हतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी सगळे चहाला बसले होते.

"तात्या," मंजुषा म्हणाली, "मागची तिन्ही आज रात्री बाहेरच राहू द्या."

तात्यांनी कप खाली ठेवला. "कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

"पहिल्याच संध्याकाळी कळलं. तुमच्या वाणाला पानाच्या शिरेवर काटा आहे. पुढची सगळी गुळगुळीत आहेत. भरताची वांगी ती. काटेरी तीन मागं सिलिंडरशेजारी दिसली."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही कागद वाचला असता?"

सुबोध फिसकन हसला. तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो कप घेऊन आत गेला. तात्यांनी उरलेला चहा संपवला. राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर दहा दिवसांचं ओझं उतरल्यागत वाटत होतं.

सकाळी तिन्ही रोपं उभी होती. तिसरंसुद्धा. तात्यांनी खुरप्यानं खड्डे केले, मंजुषानं कप फाडून मुळं मातीसकट खाली सोडली, दोघांनी मिळून माती दाबली.

"पयलं वांगं खायाचं न्हाई," तात्या खाली बघूनच म्हणाले. "पिवळं हुस्तवर झाडालाच ठिवायचं. बियाला. आन् ते बी तू ठिव."

"मी?"

"तूच. आन् माज्या हातात दिऊ नगंस. मी मागितलं तरी दिऊ नगंस."