अर्जदाराची थोरली बहीण

"चुलता बसत नाही," अंबादास म्हणाला.

"बसत न्हाय म्हंजे?" सयाजीनं खिडकीचा गज धरला. "वाढवलंय त्यानं मला. मी चार वर्सांचा असताना बा गेलाय माझा."

"ते खरं. पण आजाऱ्याला भेटायला जायच्या यादीत चुलता नाही. आई, वडील, पती, पत्नी, मूल. फलकावर मराठीत लावलंय बघ. मीच लिहिलंय."

"लई झ्याक अक्षर हाय, भाऊसाहेब. चुलत्याला सांगतो. ताप उतरंल त्येचा."

अंबादासनं अर्ज घेतला आणि समासात टिपण लिहिलं: नियमात बसत नाही. आदेशार्थ सादर. अक्षर खरोखरच चांगलं होतं. संस्थानच्या दप्तरात उमेदवारी केलेला माणूस. संस्थान विलीन झालं, तो कॉलेजात कारकून म्हणून आला, टाक गेला, पेन आलं. टिपण लिहिण्याची रीत तीच राहिली.

*कलम तीन. साथ असेतोवर कोणत्याही विद्यार्थ्याने वा सेवकाने लेखी परवानगीशिवाय गाव सोडू नये.*

सत्तावन्नचा जुलै. मद्रासेकडून आलेला नवा फ्ल्यू घराघरांत शिरला होता. वसतिगृहातली बारा पोरं एका ओळीत झोपून होती. विद्यापीठानं इंग्रजी परिपत्रक काढलं, ते अंबादासच्या टेबलावर पडलं आणि त्या दिवसापासून कॉलेजातला प्रत्येक प्रवास त्याच्या टेबलावरून जाऊ लागला. म्हणजे जाईनासा झाला. अर्ज यायचा, तो टिपण लिहायचा, प्राचार्य खाली सही करायचे. टिपणाविरुद्ध सही एकदाही झाली नव्हती. अंबादासला वाटायचं, साहेबांचा नियमांचा अभ्यास पक्का आहे.

सयाजी परवानगी न घेताच उचगावला गेला. पायी तासाभराची वाट. चार दिवसांनी परत आला तेव्हा वसतिगृहातली त्याची खोली रद्द झाल्याची नोटीस तयार होती. अंबादासनंच टाइप केली होती. शुक्रवारी सकाळी तो ट्रंक न्यायला आला.

"चुलता उठून भाकरी खातोय, भाऊसाहेब. खोली गेली तर जाऊ द्या."

"इथं सही कर."

"करतो की. तुमचं समदं नीट असू दे."

*कलम चार, पोटकलम अ. विद्यापीठाच्या कामासाठी होणारा प्रवास यातून वगळला आहे.*

त्याच शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं प्राचार्य जाणार होते. परिपत्रकाची अंमलबजावणी कितपत होते आहे याचा आढावा घ्यायला विद्यापीठात सभा बोलावली होती. सगळ्या कॉलेजांचे प्राचार्य गाडीत बसून तिकडे जमणार होते. त्यांच्या प्रवासाचा आदेशही अंबादासनं टाइप केला. तो नियमात बसत होता.

दुपारी ज्ञानू आला. कुरुंदवाडचा, अक्काच्या शेजारचा. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"अक्कास्नी लई ताप हाय. तीन दीस झालं. छातीत घरघरतंय. डाक्टर म्हनला, पावण्यांस्नी बोलवून घ्या. ह्यो कागुद दिलाय."

अक्का अंबादासची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सव्वा वर्षाचा, ती तेरा वर्षांची, लग्न झालेली. सासरी जाताना त्याला कडेवर घेऊन गेली. सासूनं विचारलं, हे काय आणलंस? अक्का म्हणाली, हे असंच येणार. पुढं नवरा गेला, मूलबाळ झालं नाही, आणि कुरुंदवाडच्या त्या घरात अक्का आणि हा, दोघंच राहिले. मॅट्रिक होईपर्यंत.

त्यानं दाखला उघडला. *रुग्ण ही अर्जदाराची आई असून तिची प्रकृती चिंताजनक आहे.*

"आई कुणी लिहायला सांगितलं?"

"कुनी न्हाय. डाक्टरनं इचारलं, आजी, कोण हाय तुमचं? त्या म्हनल्या, ल्योक हाय कोल्लापुरात, कालेजात. त्येनं लिवलं."

शिपाई गुंडू दाराशी उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "झालं की मग, भाऊसाहेब. कागुदच आई म्हनतोय. कागदाचं ऐका. रोज आमाला तेच सांगतासा."

अंबादासनं कोरा कागद ओढला. अर्ज लिहिला. दोन दिवस कुरुंदवाडला जाण्यास परवानगी मिळावी. दाखला टाचणीनं जोडला. मग तोच कागद त्यानं टेबलाच्या पलीकडून अलीकडे फिरवला, म्हणजे अर्ज आता अर्जदाराकडून कार्यालयाकडे आला. अर्जदारही तोच, कार्यालयही तोच. समास रिकामा होता.

पेन बराच वेळ हातात राहिलं. व्हरांड्यात सयाजीची ट्रंक अजून पडलेली होती, हमाल यायचा होता.

*दाखल्यात 'आई' असे नमूद आहे. वस्तुतः रुग्ण अर्जदाराची थोरली बहीण आहे. नियमात बसत नाही. आदेशार्थ सादर.*

"ह्ये काय केलंसा?" गुंडूला वाचता येत नव्हतं, पण टिपण केवढं आलं की काय होतं हे त्याला माहीत होतं.

"साहेब बघतील," अंबादास म्हणाला. "साहेबांना अधिकार आहे. नियमात नसलं तरी ते देऊ शकतात. पण खरं काय ते त्यांना कळलं पाहिजे."

साहेब चार वाजता निघायच्या घाईत सहीला बसले. बाहेर टांगा. सतरा कागद होते. अंबादासनं ते आल्या क्रमानं लावले होते, त्याचा अकरावा. तो टेबलाजवळ उभा राहिला. सही, पुढचा. सही, पुढचा. अकराव्यावर पेन थांबलं. साहेबांनी पेन दोनदा झटकलं, शाई उतरवली, टिपणाखाली सही केली. पुढचा.

"पावसाचं पाणी रुळांवर नसलं म्हणजे मिळवली," साहेब म्हणाले आणि टांग्यात बसले.

कालिंदी घरी ज्ञानूला चहा देत होती. नवऱ्याचं ऐकून तिनं कप खाली ठेवला.

"तुम्ही लिवलंसा? तुमच्या हातानं?"

"खोटं कसं लिहू? त्या सयाजीची खोली काढलीय मी सकाळी."

"त्यो पोरगा बरा म्हनायचा. गेला, बघून आला, खोलीवर पाणी सोडलं. तुमाला काय सोडायचं हुतं?"

त्यानं कोट खुंटीला अडकवला.

"मी काय तुमच्या कॉलेजात न्हाय नोकरीला," कालिंदी म्हणाली आणि लुगड्याची घडी पिशवीत कोंबली. "चला हो ज्ञानूभावजी. एसटी हाय न्हवं अजून?"

एसटी होती.

शनिवारी संध्याकाळी ती परतली आणि उंबऱ्यातच बसली आणि बोलायला लागली ते थांबेनाच, की काल दिवेलागणीला पोचले तर डोळे उघडे होते, मला वळखलं, म्हनल्या त्यो कुटं हाय, मी म्हनलं येतोय, तर म्हनल्या नगं, त्येची परीक्षा हाय, परीक्षेत कुनी बोलवू नगा त्येला, त्यो रडंल, मी म्हनलं अक्का कसली परीक्षा आता, केस पिकलं त्येचं, तर म्हनल्या दिव्यात तेल घाला, वाचतोय त्यो, आणि मग पहाटंपासनं काय बोलल्या न्हाईत, नऊला गेल्या, ज्ञानूभावजींनी अग्नी दिला, शेजारपाजारचं आठ-धा जण हुतं, बाकीचं आजारीच, आणि तुमी इचारू नगासा मला आता काय, मी सांगणार न्हाय.

त्यानं काहीच विचारलं नव्हतं.

भटजींनी ओसरीवरूनच सांगितलं, जवळ आले नाहीत. "लग्न झालेली बहीण, परगावी गेलेली. दीड दिवस सुतक. अंघोळ करा. सोमवारी कामावर जायला हरकत नाही." रजेचा अर्जसुद्धा करावा लागणार नव्हता. शनिवारी दुपारनंतर कॉलेज बंदच.

रविवारी सकाळी अंबादास पंचगंगेच्या घाटावर गेला. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. देवळाच्या कट्ट्यावर केरबा वस्तरा परजत बसला होता. साथीत त्याला उसंत नव्हती.

"कोण गेलं, मालक?"

"अक्का."

"अक्का म्हंजे भन?"

"हो."

केरबानं वस्तरा खाली ठेवला. "मग अंघोळ करा की. भनीसाठनं कोण डोस्कं करत न्हाय. त्ये आईबापाचं."

"कर."

"लोकं इचारतील."

"विचारू देत. कर तू. मिशीपण काढ."

केरबानं त्याच्याकडं नीट बघितलं. मग टाळूवर पाणी ओतलं आणि वस्तरा उचलला. शेवटी पैसे देऊ लागल्यावर फक्त मान हलवली.

सोमवारी साडेदहाला अंबादास खुर्चीवर होता. गुंडूनं एकदा पाहिलं आणि पाण्याचा तांब्या न सांगता आणून ठेवला. अकरा वाजता साहेब आले. सभेहून थेट, डोळे तांबारलेले, नाकाला रुमाल. दोनदा शिंकले. अंबादास सहीचे कागद घेऊन आत गेला तेव्हा ते त्याच्या डोक्याकडं बघत राहिले.

"अरेरे. आई गेल्या का?"

अंबादास उभा होता. बाहेर गुंडू दाराला पाठ लावून उभा होता.

"हो," तो म्हणाला.

"कधी?"

"शनिवारी. कुरुंदवाडला."

"आणि तुम्ही इथंच?" साहेबांना खरोखर वाईट वाटलं होतं. त्यांनी रुमाल खाली घेतला. "अहो, आई बसते ना आपल्या नियमात! तुम्हाला तर पाठ आहे सगळं. एक अर्ज टाकायचात, मी काय नाही म्हणालो असतो?"

अंबादासनं कागद टेबलावर ठेवले, वरचा सरळ केला, शाईची बाटली पुढं सरकवली. साहेबांनी सह्या सुरू केल्या. नऊ कागद होते. ते संपेपर्यंत तो थांबला, कागद गोळा केले आणि आपल्या जागी येऊन बसला.

खिडकीशी कुणीतरी नवीन पोरगं अर्ज घेऊन उभं होतं. खुंटीवरची टोपी काढून अंबादासनं डोक्यावर ठेवली. ती सैल झाली होती. कानांवर उतरली. त्यानं ती एका हातानं धरली आणि दुसरा हात अर्जासाठी पुढं केला.