सहावं टक

गेल्या वर्षी माझ्या काकडीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण उडालं आणि शेजाऱ्यांच्या मांजराची डावी मिशी कापून गेलं. मुलगा म्हणतो, झाकण नुसतं फुगलं होतं. पण मिशी नाही म्हणजे नाही, जाऊन बघा.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात सुनेचं राज्य. ती दवाखान्यात नर्स. हात धुवायला लागली की साबण रडतो. तिने फ्रिजवर कागदच चिकटवलाय: झाकणं नवी कोरी, वर बोटभर जागा मोकळी, काठ पुसायचा, भरलेल्या बरण्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळायच्या आणि बाहेर काढल्यावर दिवसभर हात लावायचा नाही. पन्नास वर्षं व्हिनेगर अंदाजाने ओतलं मी, आता कपाने मोजते. वर ती वाकून बघते!

सगळं सोसलं ते भिंगरीसाठी. भिंगरी म्हणजे माझी नात. दूर नोकरीला लागली, एका घरात सहा पोरी राहतात. मी फोनवर फुशारकी मारून बसले, "प्रत्येकीला एक बरणी!"

उकळून काढलेल्या सहा बरण्या ओट्यावर मांडल्या. सून बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होती, कान मात्र इकडे. बरणी थंड होताना झाकण आत ओढलं जातं आणि टक वाजतं.

टक. "एक!" ती बाहेरून ओरडली.

टक, टक. "तीन!"

पाच झाले. सहावं काही वाजेना. माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, मेली बरणी तोंडात गुळणी धरून बसलेली.

"आई, सहावी?"

"लाजतेय जरा."

"नाही वाजली तर ती फ्रिजमध्ये. आपण खाऊ, पाठवायची नाही."

म्हणजे पाच बरण्या आणि सहा पोरी. भिंगरी स्वतःची दुसरीला देऊन मोकळी होणार, मी ओळखून आहे तिला. माझी सटकलीच. झाकणावर अंगठा ठेवला आणि दिला दाबून. टक!

"सहा!"

दुसऱ्या दिवशी सुनेने एकेक झाकण बोटाने दाबून पाहिलं. एकही हललं नाही. "मानलं तुम्हाला, आई," म्हणाली आणि खोकं चिकटपट्टीने बंद केलं. चार वाजता मुलगा ते पोचवायला नेणार होता.

दुपारी जेवताना ती त्याला समजावत होती, "झाकण वरून घट्ट दिसतं, पण कधीकधी खोटंच बसतं. प्रवासात सुटलं आणि आतलं नासलं, तर खाणारा आजारी पडतो."

मी हातातला घास ताटात टाकला. "खोकं उघडा. एक टक माझ्या अंगठ्याचं होतं."

मुलगा हसला. "आई, परवा कोबीतल्या अळीने तुला आजी म्हणून हाक मारली होती."

"मारलीच होती! पण हे खरं आहे!"

"बरं बरं," म्हणत तो खोकं उचलायला गेला. मग काय, खोक्यावरच बसले मी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

सून मात्र हसली नाही. "कुठली बरणी?"

"ते आठवत असतं तर अशी बसले असते का?"

मला उठवून तिने पट्टी कापली. चपट्या झाकणांवरून आवळलेल्या फिरकीच्या कड्या काढल्या. आता नुसतं झाकण चिमटीत धरून बरणी उचलायची, झाकणाने बरणी धरून ठेवली तर टक खरं. "तुम्हीच उचला," म्हणाली. पहिली लटकली. दुसरीही. तिसरीला झाकण माझ्या हातात आणि बरणी मांडीवर! लुगडं, चटई, मुलाचे मोजे, सगळं आंबट. उरलेल्या तिन्ही लटकल्या.

"कागदावर काय लिहिलंय, आई?"

"हात लावायचा नाही," मी शाळेतल्या पोरीसारखी म्हणाले.

पाच गेल्या. संध्याकाळी भिंगरीला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. अंगठा, खोटं टक, मोजे, सगळं.

ती खिदळली. "आजी, फेकू नकोस! खरं सांग, सहावी कुठे गेली?"

जन्मात एकदा सरळ बोलले, तर ही गत! डोकंच फिरलं माझं.

"मांजराने नेली," मी म्हणाले. "त्या अर्ध्या मिशीच्या."

"हां, आता कसं!" म्हणाली कार्टी.