बोनेटवरचा निळा

माझं वाटोळं अनंतरावांनी केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "अहो, पण वयस्कर माणूस आहे" म्हणत मध्ये पडायला नको.

मी रंग बोलतोय. रायपुरात तात्यापारा मोहल्ल्यात अनंतरावांच्या दारासमोर एक जुनी आठ सीटची व्हॅन उभी असते, तिच्या अंगावरचा गडद निळा. व्हॅन बारा वर्षांची आहे. मी तिच्यावर खूप नंतर चढलो. त्या घरात वयाने सगळ्यात लहान मीच, आणि त्या घरात लहानाचं कोण ऐकतं?

माझा जन्म गुढ़ियारीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सुशील पेंटरने व्हॅनचा जुना पांढरट थर घासून काढला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं, मग माझे तीन हात मारले. शेडमधली ट्यूबलाइट बोनेटवर सरळ रेघेसारखी दिसायची. रंगाची परीक्षा तीच असते. रेघ सरळ दिसली की रंग पास.

न्यायला यशोधन आला. अनंतरावांचा धाकटा. त्याने इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं, तेव्हापासून घरात त्याला 'अर्धवट' म्हणतात. पाहुण्यांसमोरसुद्धा. त्या वर्षी छत्तीसगडचं मंत्रालय शहराबाहेर नव्याने वसवलेल्या नवा रायपुरला हलत होतं. रस्ते हे एवढाले रुंद, बस मात्र दिसायची नाही. एका कार्यालयातले सात जण रोजच्या जाण्यायेण्यासाठी गाडी शोधत होते. त्यांच्यातल्या मीनल दीदींनी यशोधनला सांगितलं होतं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता येऊन बघते. डबडं नको हं." त्या कामासाठीच मला लावलं होतं.

सुशील पेंटरने किल्ली देताना बजावलं, "भैया, एक महीना साबुन नहीं, तेल नहीं, पॉलिश नहीं. खाली पानी, वो भी छाँव में. अभी कच्चा है. हव?"

"हव," म्हणजे हो, यशोधन म्हणाला. आणि त्याने ते पाळलं. मला ते सांगितलंच पाहिजे.

या गावात छतावर चादर वाळत घातली तर संध्याकाळी तिच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी वरून पडत असते, दिसत नाही, पण बोटाला खरखरते. ती कोरडी पुसली की रंगावर कानस फिरवल्यासारखं होतं. यशोधनला हे कळलं होतं. तो सकाळी नुसतं पाणी ओतायचा, वरून खाली, भुकटी वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या: एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत फडकं खंगाळायचं. फडकं म्हणजे आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. त्याने पाणी टिपून घ्यायचं, रगडायचं नाही.

अनंतराव ओट्यावर चहा पीत बघायचे. रेल्वेत पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, पण बोलणं असं की सगळे डबे यांनीच धुतले.

"दोन बादल्या काहून? बादलीलेही जोडीदार लागते का?"

"पापा, एक में गंदा जाता है."

"आंघोळ तर एकाच बादलीत करतं तू."

शेजारच्या इंदूताई हसायच्या. यशोधन खाली मान घालून फडकं पिळायचा.

तो आत गेला की अनंतराव उठायचे. खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, त्याने आधी मान पुसायची, मग मला. कोरडंच. गोल गोल. त्यांना वाटायचं, गाडी चमकून राहिली. आठव्या दिवशी सकाळचं ऊन पडलं आणि बोनेटभर बारीक गोल ओरखडे दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. यशोधनने दुपट्टा धरून विचारलं, "सूखा मारा ना आपने?"

"मले शिकवून राहिला का? जे शिकायला पाठवलं ते तर शिकला नाहीस."

आई, विजयाबाई, दारातून म्हणाल्या, "काहून बापाच्या तोंडी लागून राहिला सकाळी सकाळी?" झालं. त्या घरात भांडण असंच मिटतं. चूक कुणाची हा प्रश्न कधी येतच नाही, आवाज कुणाचा चढला एवढंच बघतात.

तरीही तोवर मी वाचण्यासारखा होतो. ओरखडे वरचे होते, महिन्यानंतर पॉलिशने निघाले असते.

मग दसरा आला. वाहनाची पूजा. अनंतरावांनी वाटीत तेलात शेंदूर कालवला आणि बोनेटकडे निघाले. यशोधन आडवा उभा राहिला.

"पापा, काचेवर काढा ना. नंबर प्लेटवर काढा. तेल नको म्हणाला तो पेंटर."

अनंतराव थांबले. "देवाले नंबर प्लेटवर बसवतं? पेंटर मोठा का देव?"

"रंग कच्चा है अभी."

"रंग नाही, तू कच्चा आहेस."

आणि वीतभर स्वस्तिक माझ्या छातीवर काढलं. वर हार, वर हळद-कुंकू, आणि गाडी दिवसभर उन्हात, कारण पूजेची गाडी हलवायची नाही म्हणे. तेल उन्हात तापलं, पसरलं, माझ्यात मुरलं. वरून काळी भुकटी येऊन त्यात चिकटली. देवाविषयी माझी काही तक्रार नाही. त्याने कुणाला तेल मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधन सीटचे धुतलेले कव्हर आणायला लाँड्रीत गेला. जाताना आईला म्हणाला, "मी येऊन हळू काढतो, कुणी हात लावू नका." अनंतरावांनी ऐकलं. ऐकून त्यांनी बादली भरली. एकच. त्यात कपड्याची पावडर, आणि हातात भांडी घासायची हिरवी घासणी.

खरं सांगायचं तर त्यांना मदत करायची होती. घासताना स्वतःशीच पुटपुटत होते, "बाई यायच्या आधी पोट्ट्याची गाडी झकास करून ठेवतो." मला ते ऐकू आलं. त्याने घासणी मऊ झाली नाही. शेंदूर निघाला, त्याच्याबरोबर मी निघालो. बादलीतलं पाणी निळं झालं, तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला.

मग त्यांनी काय केलं? कुणाला हाक मारली? चुकलो म्हणाले? घरातून खोबरेलाची बाटली आणली आणि मला चोपडलं. मी चमकलो. पाच मिनिटं, मग वरून पडणारी काळी भुकटी तेलाला चिकटली.

नऊला मीनल दीदी आल्या. फिकट पिवळा पंजाबी ड्रेस, हातात फाइल. यशोधन कव्हर छातीशी धरून तेवढ्यात पोचला. दीदींनी आत वाकून सीट बघितल्या, मान डोलावली, आणि सहज बोनेटला टेकून फाइल उघडली. उठल्या तेव्हा बाहीपासून कमरेपर्यंत काळं तेल.

"भैया, गाड़ी है कि कढ़ाई?"

इंदूताई पुन्हा हसल्या. यशोधनने बोनेटकडे बघितलं. जिथे स्वस्तिक होतं तिथे फिकट, खरवडलेलं स्वस्तिकच उरलं होतं, आणि त्याच्यात आभाळ दिसत नव्हतं. तो कव्हर तसेच घेऊन आत गेला.

"त्या बाईले गाडीची समज नाही," अनंतराव म्हणाले.

आता मी दारासमोर उन्हात असतो. व्हॅन महिन्यातून दोनदा निघते, कुणाला स्टेशनवर सोडायला. यशोधन मला धूत नाही. दोन्ही बादल्या मोरीत आहेत, एकीत कपडे भिजतात. अनंतराव मात्र रोज सकाळी दुपट्टा घेऊन येतात, मान पुसतात आणि मला पुसतात. कोरडंच. इंदूताईंना सांगतात, "पोट्ट्याले काळजी नाही, म्हणून मलेच करावं लागते."

तुमच्या दारात गाडी असेल तर आधी पाणी ओता. आणि पोरगा दुसरी बादली आणत असेल तर आणू द्या.

माझी चमक बावीस दिवस टिकली. नवा रायपुरचं काम दुसऱ्या व्हॅनला गेलं.