बाबारावांच्या कानाशी

मी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, बोलतोय. नागपुरात सदरला बाबारावांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे, तिथे खिळ्याला टांगलेला, हातभर लांबीचा. आधीच सांगतो, माझ्या पोटात दुखतंय ते त्या मल्टीमीटरमुळे.

बाबाराव उमरेडहून एसटीने येऊन आयटीआय शिकले. पास झाले त्याच दिवशी त्यांनी मला इतवारीतून विकत आणलं. स्क्रू फिरवणं हे माझं किरकोळ काम. खरा मान वेगळाच होता. गाडी सुरू करून ते माझं टोक इंजिनाला टेकवत आणि मूठ कानाशी धरत. आतली बारीक कुरकुर माझ्या अंगातून थेट त्यांच्या कानात जाई. "बेअरिंग गेली हिची," ते म्हणत, आणि खोलल्यावर तेच निघे. सगळे पाने माझ्यावर जळायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग बॅटरीच्या गाड्या आल्या. पन्नाशी उलटलेल्या बाबारावांनी संध्याकाळच्या कोर्सला नाव घातलं. पहिल्या दिवशी मला सोबत नेलं आणि सवयीने मोटरला टेकवून कानाशी धरलं. वर्ग खो खो हसला.

"काका, हिच्यात इंजिनच नाही, ऐकून काय राहिले?" शिकवणाऱ्या श्वेता मॅडम म्हणाल्या. "आन् ते उघडं लोखंड बॅटरीपासून दूर ठेवा, शॉर्ट होईल."

मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या जागी त्यांच्या हातात आला मल्टीमीटर. दोन वायरी आणि आकड्यांची काच असलेला, वीज मोजायचा डबडा! त्याला चेनची पिशवी. मला जन्मात कुणी फडक्याने पुसलं नाही. बाबाराव नापास होऊन माझ्याकडे परत यावेत, असा मी नवसच बोललो.

एका दुपारी त्यांची मुलगी अपेक्षा जेवणाचा डबा घेऊन आली. ते पुस्तक वाचत होते.

"बाबा, या वयात काहून एवढा अभ्यास करून राहिले? तुमचा कान आहे न."

"कान कुठं राहिला वं? बोललेलं ऐकू येते, पण इंजिनाचा बारीक आवाज दोन साल झाले, येतच नाही. पेचकस लावतो ते गिऱ्हाइकाले दाखवाले. मंग अंदाजानं खोलतो. परवा एकाची चांगली गाडी खोलून बसलो. लाज वाटते मले."

मी गारच पडलो. दोन वर्षं मी जीव तोडून सांगत होतो, आणि पलीकडे काहीच पोचत नव्हतं.

बाबाराव पास झाले. काल माया नावाची घरपोच डबे देणारी बाई बंद पडलेली बॅटरीची गाडी ढकलत आली. त्यांनी मल्टीमीटरच्या वायरी लावल्या, आकडा वाचला आणि ओरडले, "सापडलं वं, इथं वायर तुटली!" कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुलला होता. तो चेहरा माझ्या हक्काचा होता.

जळतोय मी अजून. पण ए डबड्या, तुला एक सांगतो. त्यांना फसवू नकोस. आणि आकडे जरा मोठे दाखव. काल तो आकडा वाचायला त्यांनी तुला डोळ्यांपासून किती लांब धरलं होतं, ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.