अकरा पांढरे घोडे

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी कुणीही यावं आणि आपल्या घराण्याची फुकट चौकशी करावी, असा रिवाज होता. खोली सांभाळणारी माणसं तीन. एक मोजणीदार. त्यांची नोकरी जमिनी मोजण्यात गेली, आता निवृत्तीनंतर ते लोकांच्या पिढ्या मोजत. दुसरी सूनबाई. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून माहितीची कार्डं तिच्या हाती. आणि तिसऱ्या तिच्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव आत्याबाई म्हणे. शाळा दुसरीतच सुटलेली. पण कुठल्या घरची मुलगी कुठे दिली आणि तिथे तिचं कुणाशी वाजलं, हे सगळं तोंडपाठ.

कामाची पद्धत साधी होती. तोंडी ऐकलेलं पेन्सिलीने लिहायचं, कागदावर सापडलेलं शाईने. पेन्सिलीतलं खोटं निघालं, तर ज्याने सांगितलं त्याने स्वतः त्या घरी जाऊन कबूल करायचं. हा नियम आत्याबाईंचाच. मोजणीदारांनी एकदा कुणाच्या तरी आजोबांना चुकून दोन बायका दिल्या होत्या, तेव्हा त्यांना त्या घरी पिटाळताना केलेला.

त्या शुक्रवारी मोजणीदारांना काय अवदसा आठवली कोण जाणे. चार वर्षांची कार्डं आडनावांप्रमाणे लावलेली होती, ती त्यांनी घराणं गावात कधी आलं त्या सालाप्रमाणे लावायला घेतली. मोठ्या पुराच्या वर्षाचा गठ्ठा हातात आला आणि त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

"आत्याबाई, पुराच्या वर्षी गावात अकरा घराणी आली."

"आली असतील. पाय होते त्यांना."

"पाय कशाला? घोडे होते की! अकराच्या अकरा जण पांढऱ्या घोड्यावर बसून आले."

"त्या वर्षी घोड्यांचं पीक बरं आलं असेल," सूनबाई मान वर न करता म्हणाली.

आत्याबाईंनी पदर सावरला. लपवण्यासारखं त्यांच्या मते काही नव्हतंच. माणसं समोर येऊन बसायची, डॉक्टरकडे बघावं तशी बघायची आणि विचारायची, आमचे आजोबा कोण होते हो? आता त्यांना काय, कुणी नव्हते म्हणून सांगायचं? रिकाम्या हाताने कुणाला परत पाठवणं आत्याबाईंच्या रक्तात नव्हतं. माहेरी घोडा होताच. तोच त्या एकेकाला देत गेल्या. आपल्याकडचं काय कमी होतंय!

"दहा मी वाटले, कबूल," त्या म्हणाल्या. "दहाही घरी जाऊन सांगेन. पण अकरावा खरा आहे. माझे पणजोबा पांढऱ्या घोड्यावरून आले, हे माझ्या आजीने सांगितलंय. आणि आजी खोटं बोलत नसे."

"नात बोलते," मोजणीदार पुटपुटले.

हा अकरावा घोडा म्हणजे आत्याबाईंचा जीव की प्राण. सूनबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून तो तिच्या डोक्यावर थयथयाट करत होता. भात करपला की घोडा निघे, पाहुणे आले की घोडा निघे. आमच्या माहेरी घोडा होता, तुमच्याकडे काय होतं? बावीस वर्षं. तो घोडा गेला, तर स्वयंपाकघरात कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

आणि नेमकी कपाटात नदीच्या घाटावरची त्या वर्षाची नोंदवही होती. तेव्हा पूल नव्हता. गावात येणारी माणसं, जनावरं, सामान, सगळं नावेतून येई, आणि घाटावरचा मुकादम ते लिहून ठेवी. मोजणीदारांना त्याचं लपेटीचं अक्षर लागेना. सूनबाईला लागे. ती बोट फिरवत वाचायला लागली. बैल, शेळ्या, पुन्हा शेळ्या. मोजणीदार पुढच्या दालनातून भिंग आणायला गेले, आणि तेवढ्यात सूनबाईचं बोट आत्याबाईंच्या पणजोबांच्या नावापाशी थांबलं.

"काय गं? सापडलं?"

सूनबाईने दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "आई, इथे पाणी पडून शाई पसरलीय. मी घोडा म्हटलं तर खपून जाईल."

"म्हणजे लिहिलंय काय?"

"पसरलंय म्हटलं ना."

"बावीस वर्षं तुझं तोंड बघतेय मी. काय लिहिलंय?"

"गाढव."

आत्याबाई वहीवर वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "पांढरं?"

"रंग लिहिला नाही."

"पुढे वाच."

"पुरुष एक, बाई एक, गाढव एक, जातं एक. नावाडी गाढव घेईना, म्हणून बाई नावेच्या दोरावर बसून राहिली. नाव दुपारपर्यंत खोळंबली. बाई जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही." सूनबाईने ओठ दाबले. "हे मात्र कागद नसता तरी मी मानलं असतं."

आत्याबाईंनी वहीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. घोडा अजून हातचा होता. एका शब्दाचं काम. पण मग उरलेलं आयुष्य सुनेने दिलेल्या घोड्यावर बसून काढायचं? भात करपला की हिने नुसतं बघायचं, आणि आपण गप्प बसायचं? ते काही त्यांच्याने झालं नसतं.

"शाईने लिही," त्या म्हणाल्या. "गाढव. आणि ते दोरावर बसल्याचंही लिही. मोठ्या अक्षरात."

भिंग घेऊन आलेल्या मोजणीदारांना त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही असं, जणू गाढव मोजणीदारांचंच होतं. मग चपला घातल्या आणि सूनबाईला घेऊन पहिलं घर गाठलं. शिंप्याचं. त्याने दुकानाच्या पाटीवर उधळलेला पांढरा घोडा रंगवून घेतला होता, म्हणून आधी तो.

"तुझा घोडा गेला रे," आत्याबाई दारातूनच म्हणाल्या. "मी मनाने सांगितला होता. घाटावरची वही सगळी वाचून काढली, त्या वर्षी नावेतून एकही घोडा उतरला नाही आणि तुझ्या आजोबांचं नावही त्यात सापडलं नाही."

शिंप्याने मशीन थांबवलं. पाटीकडे बघितलं. "मग आमचे आजोबा कशावरून आले?"

आत्याबाईंच्या जिभेवर हत्ती आला. चांगला अंबारीसकट आला. मागे सूनबाई खाकरली. आत्याबाईंनी हत्ती गिळला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही."

"कुणाला?"

"मला. माहीत नाही."

शिंप्याने गळ्यातली टेप काढून ठेवली, घाईघाईने स्टूल पुढे सरकवलं आणि आत वळून बायकोला हाक मारली, "अगं, पाणी घेऊन ये लवकर. आत्याबाईंना बरं वाटत नाहीये."